पन्नाशीची गाडी आणि आरटीओचे कागद: नागपूरच्या हौशींसाठी अर्जाची माहिती

जुनी फियाट, अँबेसेडर, हेराल्ड किंवा जावा मित्रांनी मिळून उभी करायची ठरली की पहिली चर्चा होते ती पिस्टन-रिंगांची आणि डेंटिंग-पेंटिंगची. कागदांचा विषय निघतो तो इंजिन सुरू झाल्यावर. तोवर बरेच पैसे लागलेले असतात आणि काही गोष्टी अशा बदललेल्या असतात की त्या परत जागेवर आणता येत नाहीत. माझं ठाम मत आहे की आधी आरसी बुक उघडावं, पाने-पक्कड नंतर. कोणत्या मार्गाने नोंदणी करायची आहे, यावर दुरुस्ती कशी करायची हे ठरतं.

मार्ग दोन आहेत. एक म्हणजे १५ वर्षांनंतरचं नेहमीचं नूतनीकरण आणि दुसरा विंटेज नोंदणी.

त्याआधी एक गैरसमज. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, असं आपल्याकडे अनेकजण धरून चालतात. डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची मर्यादा हा दिल्ली आणि तिच्या आसपासच्या राजधानी क्षेत्राचा विषय आहे, नागपूरचा नाही. आपल्याकडे खासगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे गाडी तपासणीत पास झाली की दर वेळी ५ वर्षांनी मुदत वाढवता येते. त्यामुळे कबाडी "आता हिचं काही होत नाही" म्हणाला, म्हणून गाडी देऊन टाकू नका.

विंटेज म्हणजे नेमकं काय

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम घातले. त्यानुसार पहिल्या विक्रीनंतरच्या पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त काळ झालेली दुचाकी किंवा चारचाकी प्रवासी गाडी विंटेज ठरू शकते. परदेशातून आणलेली गाडीही चालते. २०२६ चा हिशेब धरला, तर १९७६ च्या आधीची. म्हणजे मार्क टू अँबेसेडर, फियाट ११००, स्टँडर्ड हेराल्ड, जुनी बुलेट, लॅम्ब्रेटा यांचा विचार होतो. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० चा नाही. तिला २०३३ संपेपर्यंत थांबावं लागेल, तोवर नेहमीचं नूतनीकरणच.

वयापेक्षा दुसरी अट कडक आहे. गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी शेल आणि इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला चालत नाही. पेट्रोल काढून डिझेल इंजिन बसवलेल्या अँबेसेडर आणि कापून-जोडून रुंद केलेल्या जीप आपल्याकडे थोड्या नाहीत. अशी गाडी कितीही देखणी असली तरी या दारातून आत जाणार नाही. शिवाय आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल असेल, तर साध्या नूतनीकरणातही तपासणीत अडकते, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल परवानगीशिवाय करता येत नाही.

वय मोजताना नागपूरकरांनी एक गोष्ट नीट बघावी. १९५६ पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती, मग मुंबई राज्य आलं आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. आजोबांच्या काळातल्या गाडीच्या कागदांवर या तिन्ही राजवटींचे शिक्के असू शकतात. शेवटच्या पानावर जी तारीख दिसते ती कदाचित नंतरच्या एखाद्या फेरनोंदणीची असेल. पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून, म्हणून आरसी बुकाची मागची, फाटायला आलेली पानंही सांभाळा. लॅमिनेशन करू नका. स्कॅन करून मूळ बुक कोरड्या जागी ठेवा.

कोणता मार्ग घ्यावा

विंटेज नंबर मिळावा ही हौस मी समजू शकतो, पण ज्यांना गाडी चालवायची आहे त्यांना मी साधं नूतनीकरणच सुचवतो. विंटेज नोंदणीची गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणं, देखभाल आणि या कामांसाठीचं जाणं-येणं, एवढीच मुभा आहे. रविवारी सकाळी चार मित्रांनी फुटाळ्याला चहाला जाणं किंवा घरच्यांना घेऊन रामटेकला जाणं त्यात बसत नाही.

मोटारीच्या फीच्या हिशेबाने फार फरक पडत नाही. विंटेजची पहिली नोंदणी २०,००० रुपये आणि ती १० वर्षं चालते. पुढची पुनर्नोंदणी ५,००० रुपये. नेहमीच्या नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ मध्ये वाढली. २० वर्षांहून जुन्या मोटारीला ५ वर्षांसाठी १०,००० आणि मोटारसायकलला २,००० रुपये, जीएसटी वेगळा. म्हणजे मोटारीचे १० वर्षांचे इकडेही २०,००० च होतात, वर पर्यावरण कर. चित्र बदलतं ते आयात गाडीचं. आरसीवर तशी नोंद असेल तर मोटारीला ८०,००० आणि मोटारसायकलला २०,००० रुपये दर पाच वर्षांनी. अशी परदेशी मोटार मूळ रूपात असेल आणि वर्षातून दोन-चार प्रदर्शनांपुरतीच बाहेर पडत असेल, तर विंटेज नोंदणी निश्चित परवडते.

अर्जाआधीची सफाई

बहुतेक अर्ज अडतात ते इथे, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

पहिलं, गाडी कोणाच्या नावावर आहे? गाडी आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावरच राहिली असेल, तर आधी वारसाच्या नावावर करून घ्यावी लागते. त्यासाठी फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि बाकीच्या वारसांचं हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. कायद्याने ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला असला तरी काम होतं, दंड भरावा लागतो. विकत घेतलेली गाडी असेल तर फॉर्म २९ आणि ३०, दोन्हींवर विकणाऱ्याची सही. सही झालेले पण तारीख न टाकलेले फॉर्म घेऊन वर्षानुवर्षं गाडी फिरवणं धोक्याचं आहे. विकणारा वारला की ते कागद कामाचे राहत नाहीत.

दुसरं, गाडी 'वाहन' या ऑनलाइन प्रणालीत आहे का? हाताने लिहिलेल्या जुन्या आरसीची नोंद तिथे नसली तर कोणताच अर्ज पुढे सरकत नाही. तेव्हा आरटीओत जाऊन बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. कार्यालयातल्या जुन्या रजिस्टरातली नोंद काढून ती संगणकात चढवतात. मूळ आरसी, चेसिस नंबरची पेन्सिल छाप, पत्त्याचा पुरावा आणि कर भरल्याच्या जुन्या पावत्या सोबत न्या. नागपुरात शहर (एमएच ३१), ग्रामीण (एमएच ४०) आणि पूर्व (एमएच ४९) अशी वेगवेगळी कार्यालयं आहेत. अर्ज कुठे करायचा ते तुमच्या आजच्या पत्त्यावर ठरतं, पण जुनं रजिस्टर जिथे गाडी नोंदली गेली तिथेच असणार. दुसऱ्या कार्यालयाची गाडी असेल तर तिथली एनओसी, म्हणजे फॉर्म २८ लागतो. एंट्री होताना स्वतःचा मोबाइल नंबरही जोडून घ्या, पुढचे सगळे ओटीपी त्यावरच येतात.

१ एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली आहे आणि ती नसली की आरटीओतली इतर कामं अडतात. प्लेटचं बुकिंगही 'वाहन'मध्ये नोंद जुळल्याशिवाय होत नाही. म्हणून बॅकलॉग सगळ्यात आधी.

तिसरं, आरसी हरवली असेल तर पोलिसांत तक्रार देऊन फॉर्म २६ भरून दुय्यम प्रत घ्यायची. चेसिस नंबरही नाही आणि कागदही नाही, अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. ती सुट्या भागांसाठीच ठीक.

आता चेसिस नंबर. कोरलेल्या आकड्यांवर रंगाचे थर आणि गंज बसलेला असतो. त्यावर रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं रात्रभर ठेवा, सकाळी मऊ ब्रशने घासा, मग पातळ कागद धरून पेन्सिल आडवी फिरवा. आकडे हळूहळू उमटतात. त्या जागी ग्राइंडर, सँडब्लास्टिंग किंवा जाड पुट्टी अजिबात लावू देऊ नका. डेंटरला गाडी सोपवताना त्या पट्टीवर टेप लावून वर खडूने 'हात लावू नये' असं लिहून द्या. ती पट्टी कापून नवा पत्रा जोडला तर गाडीची ओळखच पुसली जाते आणि ते कोणालाही समजावून सांगता येत नाही.

फ्लोअरचा सडलेला पत्रा बदलणं ही दुरुस्ती आहे, फेरबदल नाही, पण ते सिद्ध करण्याचं काम तुमचं. काम सुरू होण्याआधी, चालू असताना आणि झाल्यावर त्याच कोनातून फोटो काढा, मिस्त्रीची आणि दुकानाची बिलं जपून ठेवा. विंटेज नोंदणीत गाडी तपासणाऱ्या राज्याच्या समितीसमोर याचा उपयोग होतो. रंग बदलणार असाल तर तोही आरसीवर चढवून घ्यावा लागतो. मूळ रंगच ठेवणं उत्तम.

नेहमीच्या नूतनीकरणाचा अर्ज

फॉर्म २५ परिवहन पोर्टलवर भरायचा. मुदत संपण्याआधी जास्तीत जास्त ६० दिवस अर्ज करता येतो. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, चेसिसची छाप. फी भरून अपॉइंटमेंट घ्यायची आणि गाडी तपासणीला न्यायची. मुदत संपलेली गाडी रस्त्यावर चालवणं विनानोंदणी चालवण्यात मोडतं आणि पहिल्याच वेळी ५,००० पर्यंत दंड होऊ शकतो. तपासणीला नेताना ती टोइंग करूनच न्या.

जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला पीयूसीची धास्ती वाटते, ती बरीचशी अनाठायी आहे. तिला आजच्या गाड्यांची मर्यादा लागत नाही. २००० च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला आयडलिंगवर, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन मंद चालू असताना, धुरात कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम (दहा लाख भागांत १५०० भाग) चालतं. दुचाकीला ४.५ टक्के आणि ९००० पीपीएम. एअर फिल्टर साफ, प्लगची गॅप बरोबर, पॉइंट नीट, टायमिंग जागेवर, एवढं झालं की इंजिन पूर्ण गरम करा आणि सोलेक्स कार्ब्युरेटरचा मिक्स्चर स्क्रू (पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा) पाव-पाव फेरा आत घेत जा. इंजिन अडखळायला लागलं की किंचित मागे. गार इंजिनवर चोक ओढून पीयूसीला गेलात तर आकडे फुगणारच.

ब्रेक, हँडब्रेक, दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर आणि स्टिअरिंगचा ढिलेपणा हे घरीच तपासून जा. तपासणीची वेळ शक्यतो सकाळची घ्या. आपल्या मे महिन्यात रांगेत उभ्या फियाटचा इंजिनाजवळचा पेट्रोल पंप तापून पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकायची जुनी युक्ती आजही चालते. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्राम लवकर खराब होतात, तेही आधीच बदलून घ्या. गळणारा पेट्रोल पाइप घेऊन कोणत्याच तपासणीला जाऊ नये.

विंटेज नोंदणीचा अर्ज

फॉर्म २०, परिवहन पोर्टलवर. सोबत विमा पॉलिसी, फी, भारतात आधी नोंदलेल्या गाडीची जुनी आरसी, आणि परदेशातून आणलेली असेल तर कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री (आयातीचा कागद). अर्ज राज्याच्या नोडल अधिकाऱ्याकडे जातो आणि राज्याची विंटेज समिती गाडी पाहून ती पात्र आहे की नाही ते ठरवते. सगळं ठीक असेल तर ६० दिवसांत फॉर्म २३ए मध्ये नोंदणी प्रमाणपत्र मिळायला हवं.

आधी नोंदलेल्या गाडीला तिचा मूळ नंबर ठेवता येतो आणि तो ठेवावाच, असं मी सांगेन. १९८९ च्या आधीचा नंबर हा गाडीच्या इतिहासाचा भाग आहे. नव्याने नोंदणाऱ्या गाडीला राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए', मग दोन अक्षरांची मालिका आणि चार आकडे असा नंबर मिळतो.

विमा आणि मित्रांची भागीदारी

थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहेच. ५ वर्षांहून जुन्या गाडीची विम्यातली किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे फोटो आणि बिलं दाखवून ती ठरवून घ्या. एजंट दोन-पाच हजारांची किंमत टाकून मोकळा होत असेल तर दुसऱ्या कंपनीत विचारा.

चौघांनी पैसे घालून गाडी घेतली तरी अपघात झाल्यावर नोटीस येते ती आरसीवर नाव असलेल्यालाच. म्हणून ज्याच्या घरी गाडी उभी राहते त्याच्या नावावर आरसी आणि विमा ठेवा, आणि कोणाचे किती पैसे, विकली तर वाटणी कशी, हे स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या. चालवणाऱ्या प्रत्येकाकडे चालू लायसन्स हवं. मैत्री घट्ट असतानाच हा कागद सहज होतो.

विंटेज म्हणून नोंदलेली गाडी विकता येते. विकणारा आणि घेणारा, दोघांनीही ९० दिवसांच्या आत परिवहन विभागाला कळवायचं. नेहमीच्या नोंदणीच्या गाडीला ही सवलत नाही. तिथे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, आणि विमा नावावर करून घेण्यासाठीही घेणाऱ्याला तेवढेच दिवस असतात.