बाळाचं वजन वाढत नाही: आधी काटा, मग वाटी, मग ॲलर्जी

एका शनिवारी दवाखान्यात बाळाचं वजन झबलं-टोपडं आणि डायपरसकट झालं. पुढच्या शनिवारी अंगणवाडीत ते उघडं, दूध पाजायच्या आधी झालं आणि आकडा दोनशे ग्रॅमने उतरला. घरात सगळ्यांचे चेहरेही उतरले. पण ओला डायपर एकटाच दीडशे ग्रॅम सहज भरतो आणि एका वेळचं दूध शंभरेक ग्रॅम. चार महिन्यांच्या बाळाने आख्ख्या आठवड्यात कमवायचं असतं ते १०० ते १४० ग्रॅम. मोजण्यातली चूकच वाढीहून मोठी असेल, तर त्या आकड्यावरून काहीही ठरवता येत नाही.

वजन करायचं ते एकाच काट्यावर, बाळाला पूर्ण उघडं करून, शक्यतो पाजण्याआधी. काटा सपाट जागी हवा आणि बाळ ठेवण्याआधी त्यावर शून्य दिसायला हवं. दुपटं घातलं असेल तर शून्य दुपट्यासकट करून घ्यायचं. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर पहिले दोन महिने सरल्यावर महिन्यातून एकदा पुरतं. रोज वजन केल्याने बाळ वाढत नाही, आईची झोप तेवढी जाते.

किती वाढावं याचे ठोकताळे असे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आत पुन्हा जन्मवजनाला पोहोचतं. त्यानंतर तीन महिन्यांपर्यंत रोज २५ ते ३५ ग्रॅम, तीन ते सहा महिने १५ ते २० ग्रॅम, सहा ते नऊ महिने दहा-अकरा ग्रॅम आणि वर्ष होत आलं की जेमतेम आठ ग्रॅम. वेग उतरत जातो, तो उतरायलाच हवा. पहिल्या तीन महिन्यांत बाळसं धरलेलं मूल सातव्या महिन्यात "थांबलं" असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

दवाखान्यात मिळणाऱ्या माता-बाल संरक्षण कार्डात वाढीचा आलेख असतो: मुलग्यांचा निळा, मुलींचा गुलाबी. तो जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ सालच्या मानकांवर बेतलेला आहे. ही मानकं ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतल्या, आईचं दूध पिणाऱ्या निरोगी मुलांच्या मोजमापांवरून तयार झाली; भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. त्यामुळे "हे तक्ते गोऱ्या मुलांचे, आपल्याला लागू नाहीत" हे म्हणणं टिकत नाही. या मानकांप्रमाणे वर्षाच्या मुलीचं मधलं वजन ८.९ किलो आहे, पण आलेखातला हिरवा, म्हणजे ठीक वजनाचा, पट्टा ७ किलोपासून सुरू होतो. सव्वासात किलोची, रांगणारी, वस्तू फेकून हसणारी वर्षाची मुलगी हिरव्यातच आहे. शेजारच्या गुटगुटीत बाळाशी तिची तुलना करून काही कळत नाही.

एका ठिपक्यापेक्षा ठिपके जोडणारी रेघ महत्त्वाची. रेघ खालच्या पट्ट्यात असली तरी आलेखावर छापलेल्या वक्राला धरून वर चढत असेल तर बाळाची चाल तीच आहे. वरच्या पट्ट्यात असून सलग दोन-तीन वेळा आडवी झाली किंवा एकामागून एक वक्र ओलांडत खाली आली, तर मात्र शोध घ्यायला हवा. सोबत लांबी आणि डोक्याचा घेर मोजून घ्यावा. आधी फक्त वजन अडलं असेल तर बहुधा अन्न कमी पडतंय. लांबीही मागे पडली तर प्रकरण जुनं आहे किंवा कारण वेगळं आहे. आणि बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर तेवढे आठवडे वयातून वजा करूनच ठिपका मांडायचा, दोन वर्षांचं होईपर्यंत.

आता पोटात काय जातं ते पाहू. सहा महिन्यांच्या आतलं बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा प्यायला हवं आणि चोवीस तासांत किमान सहा वेळा शू व्हायला हवी. शू कमी असेल तर दूध कमी जातंय, मग कारण काहीही असो. सर्वांत जास्त वेळा चूक सापडते ती बाळाच्या पकडीत. तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि दोन-तीन चोखण्यांनंतर गिळल्याचा आवाज, अशी पकड हवी. नुसतं स्तनाग्र तोंडात असेल तर आईला दुखतं, बाळ चोखून चोखून थकतं, तासभर अंगावर असूनही पोट रिकामं राहतं. पाच मिनिटांनी बाजू बदलण्याची सवयही नडते. शेवटचं दूध जास्त स्निग्ध असतं, ते मिळायच्या आधीच बाळाला उचललं जातं. वरचं दूध डब्यातलं असेल तर डब्यावरचं पाणी आणि पावडरीचं प्रमाण तंतोतंत पाळायचं. "पचायला हलकं" म्हणून पाणी वाढवलं की तेवढ्या कॅलरी गेल्या.

उष्टावणानंतर गडबड होते ती वाटीत. आईचं दूध चालू असलेल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०. पोट लहान असतं. सात किलोच्या बाळाला एका वेळी दोनशे ग्रॅमपलीकडे मावत नाही. अशा पोटात वाटीभर वरणाचं पाणी ओतलं की जागा संपली. त्या वाटीत डाळ उतरते चमचा-दीड चमचा, म्हणजे वीस-पंचवीस कॅलरी. आता दुसरी वाटी घ्या: दोन मोठे चमचे तांदूळ आणि एक मोठा चमचा मूगडाळ (मिळून तीस-पस्तीस ग्रॅम), सव्वाशे-दीडशे मिली पाण्यात कुकरला गिचका शिजवून, घोटून, वर लहान चमचाभर तूप. ही वाटी दीडशेच्या पुढे जाते, आणि त्यातल्या ४५ कॅलरी एकट्या तुपाच्या. चमचा तिरका केला तर अन्न ओघळून न पडता त्यावर बसून राहायला हवं, एवढी साधी परीक्षा. नाचणीची खीर घट्ट होऊन बाळ ढकलत असेल तर पाणी वाढवू नका. खीर थोडी निवली की मोड आणून वाळवलेल्या नाचणीचं चिमूटभर पीठ मिसळा आणि पुन्हा एक उकळी आणा. मोडातलं विकर (एन्झाइम) स्टार्च तोडतं, खीर सैल होते आणि कॅलरी तेवढ्याच राहतात. उलट गाळून वाळवलेलं नाचणी सत्त्व नावाला सत्त्व, कारण गाळताना बरंच काही चोथ्यात जातं.

वर्षाच्या आसपास अडणाऱ्या वजनामागे अनेकदा बाटली असते. दिवसाला पाऊण लिटर दूध पिणाऱ्या मुलाला भूक लागणार कुठून? शिवाय गाई-म्हशीच्या दुधात लोह नगण्य असतं, आणि रक्त कमी झालं की भूक आणखी मरते. वर्षाआधी हे दूध मुख्य पेय म्हणून नको. नंतरही ४०० ते ५०० मिली पुष्कळ.

इतकं पाहून झाल्यावर ॲलर्जी. हा क्रम हट्टाचा नाही, हिशोबाचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा ते तेवीस महिन्यांच्या शंभर मुलांपैकी जेमतेम अकरा मुलांना पुरेसा आहार मिळत होता. खात्रीच्या चाचणीने सिद्ध होणारी दुधाची ॲलर्जी पहिल्या वर्षात शंभरात तीन बाळांनाही नसते.

दुधाची ॲलर्जी म्हणजे दुधातल्या प्रथिनांवर शरीराच्या संरक्षण यंत्रणेने उठवलेला हल्ला. तिचे दोन स्वभाव. एक झटपट: काही मिनिटांत, फार तर दोन तासांत गांध्या, ओठ-डोळे सुजणं, उलटी, घरघर. हिचं निदान त्वचेवरच्या टोचणी चाचणीने किंवा रक्तातल्या आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंडं) तपासणीने पक्कं करता येतं. दुसरी उशिराची: कित्येक तासांनी किंवा दिवसांनी चिघळणारी, शीतून रक्त-शेम, रेंगाळणारे जुलाब, वारंवार उलट्या, औषधाला न जुमानणारा इसब. हिला रक्ताची कोणतीच चाचणी नाही. एका नमुन्यावर शंभर-दीडशे पदार्थांचे "आयजीजी" (दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडं) आकडे देणाऱ्या तपासण्या विकल्या जातात, त्यांचा इथे उपयोग शून्य. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे तो पदार्थ खाल्ला गेला आहे, एवढंच.

एक बारकावा सुटू नये. आईच्या दुधावरच्या, हसत्या-खेळत्या बाळाच्या शीमध्ये रक्ताच्या तारा दिसल्या, तर त्या प्रकारात वजन सहसा नीट वाढत असतं. म्हणजे वजन अडलं आणि बाकी काहीच लक्षण नाही, तर दुधाच्या ॲलर्जीचा संशय कच्चा. वजन अडलं आणि जुलाब, उलट्या किंवा अंगभर इसब असेल तर पक्का. दिवसातून चार-पाच वेळा थोडं दूध ओघळणं, टोमॅटो किंवा लिंबू लागून तोंडाभोवती लाली येणं ही ॲलर्जी नव्हे. दुधातली साखर न पचणं ही तर वेगळीच गोष्ट. आईच्या दुधातच शंभर मिलीला सातेक ग्रॅम लॅक्टोज असतं, ते जन्मतः न पचणारं बाळ अतिशय दुर्मीळ. त्यामुळे ॲलर्जीसाठी "लॅक्टोजमुक्त" डबा आणून काही होत नाही, प्रथिन त्यात तसंच असतं. शेळीचं आणि म्हशीचं दूधही तसंच. त्यांची प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती की शरीर बहुधा फरक करत नाही.

उशिराच्या प्रकाराचं निदान होतं ते पदार्थ बंद करून आणि पुन्हा देऊन. बाळ अंगावर पीत असेल तर अंगावरचं तोडायचं नाही. आईने दोन ते चार आठवडे दुधाचे पदार्थ पूर्ण बंद करायचे. पूर्ण म्हणजे चहातलं दोन चमचे दूधसुद्धा. दही, ताक, कढी, पनीर, खवा-पेढे तर झालेच, पण बाळंतिणीची अळिवाची खीर, तुपातले डिंकाचे लाडू, हॉटेलच्या भाजीतलं क्रीम, बिस्किटं आणि बेकरीचा पावही. तुपात प्रथिन अंशमात्र असतं, तरी या काळात तेल वापरलेलं बरं, म्हणजे निकालाबद्दल शंका उरत नाही. पाकिटावर घटकांच्या यादीशी "कंटेन्स" असं लिहून दूध, अंडं, शेंगदाणा, सोया, गहू यांची नोंद असते. ती वाचायची, आणि यादीत व्हे, केसिन हे (दुधातल्या प्रथिनांचे) शब्द शोधायचे. आईला या दिवसांत रोज एक हजार मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. बाळ डब्याच्या दुधावर असेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला खास डबा लागतो, तोही डॉक्टरांच्या सांगण्यावरून. बदामाचं किंवा तांदळाचं "दूध" बाळाच्या दुधाची जागा घेऊ शकत नाही.

घरोघरी राहून जाते ती पुढची पायरी. लक्षणं गेली की सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दूध कायमचं बंद होतं. पण इसब आणि रडणं आपोआपही कमी होतात, म्हणून आईने पुन्हा आठवडाभर दूध घेऊन पाहायलाच हवं. लक्षणं परतली तर ॲलर्जी; परतली नाहीत तर बंदी उठली. ही पायरी वगळली की दूध गेलं, मग "अंडं उष्ण", मग गहू, मग दाणे, असं करत वाटी रिकामी होत जाते, आणि वजन ज्या कारणाने अडलं असं वाटत होतं त्याच्या उपचारानेच आणखी अडतं. झटपट प्रकारात मात्र पुन्हा देऊन पाहणं घरी करायचं नाही, ते दवाखान्यातच. पदार्थ खाल्ल्यावर एक ते चार तासांत उलट्यांवर उलट्या होऊन बाळ निपचित पडलं असेल तरीही तसंच.

काही लक्षणांत या सगळ्या शोधाला वेळ देऊ नये: हिरवी उलटी, तीन-सहा आठवड्यांच्या बाळाची दूरवर उडणारी उलटी, दूध पिताना घाम येऊन धापणं, आठ तास शू नाही, बाळ मलूल. श्वास अडखळला किंवा अंग ढिलं पडलं तर थेट १०८. वजन अडण्यामागे मूत्रमार्गाचा संसर्ग, हृदयाचा दोष, थायरॉइड किंवा गहू सुरू केल्यावर दिसणारा, गव्हातल्या प्रथिनाने आतडं बिघडवणारा सिलिअॅक आजारही असू शकतो. लघवी आणि रक्ताच्या साध्या तपासण्यांपासून डॉक्टर सुरुवात करतात.

दुधाची ॲलर्जी ठरली तरी ती बहुतेक मुलांची तीन ते पाच वर्षांपर्यंत जाते, म्हणून दर सहा-बारा महिन्यांनी डॉक्टरांना विचारून पुन्हा पाहायचं. सुरुवात भट्टीत चांगल्या भाजलेल्या बिस्किटातल्या किंचित दुधाने, कारण उष्णतेने प्रथिनाचा आकार बिघडतो आणि पिठात ते अडकतं. दही-पनीर नंतर, नुसतं उकळलेलं दूध सर्वांत शेवटी.

आणि "ॲलर्जी होईल" म्हणून नवे पदार्थ लांबवणं? हा सल्ला एके काळी डॉक्टरच देत, आता तो उलटला आहे. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ४ ते ११ महिन्यांची ६४० बाळं घेतली. अर्ध्यांना शेंगदाणा पूर्ण टाळायला सांगितला, अर्ध्यांना आठवड्याला ६ ग्रॅम शेंगदाणा-प्रथिन, म्हणजे अंदाजे २५ ग्रॅम दाण्यांइतकं, खाऊ घातलं. २०१५ साली निकाल आला: पाच वर्षांचं होताना टाळणाऱ्यांत १७ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी, खाणाऱ्यांत ३ टक्के.

आपल्याकडे कूट घराघरात असतंच. सहा महिने झाल्यावर, बाळ बरं असताना, सकाळच्या वेळी पाव लहान चमचा बारीक कूट पाण्यात किंवा खिमटीत पातळ कालवून बोटभर द्यावं, दहा-पंधरा मिनिटं थांबून उरलेलं द्यावं आणि दोन तास लक्ष ठेवावं. नंतर ते आठवड्यातून दोन-तीनदा चालू राहू द्यावं. पूर्ण उकडलेलं अंडं आणि बेसनही याच पद्धतीने. हरभऱ्याची ॲलर्जी आपल्याकडे दिसते, म्हणून एका दिवशी एकच नवा पदार्थ. तीव्र इसब असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून. अख्खा दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको, आणि तो ॲलर्जीच्या भीतीने नव्हे, श्वासनलिकेत अडकतो म्हणून.