अंजनेरीचं पठार म्हणजे धाकटी व्हॅली ऑफ फ्लॉवर्स नव्हे

एप्रिल लागला की नाशकातल्या कुणा ना कुणा ट्रेकवाल्याचा फोन येतोच. "मेमध्ये सुट्टी आहे, एकटाच निघतोय. व्हॅली ऑफ फ्लॉवर्स उन्हाळ्यातच असतं ना?" सप्टेंबरात हाच गडी अंजनेरीवरून सोनकीचा फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, 'आपलं अल्पाइन मेडो', म्हणजे उंच पर्वतातलं, झाडं संपतात त्याच्या वरचं कुरण. दोन्हीकडे चूक एकच आहे, आणि आता मला तिचा कंटाळा आलाय.

अंजनेरी तुम्हाला मी काय सांगणार. फाट्यावरून आत, पायऱ्या, लेणी, वर अंजनीमातेचं मंदिर, तळं. पावसाळ्यात वर गेला नाही असा नाशिककर विरळा. उंचीतला फरकही सगळ्यांना माहीत असतो: हे पठार 1,300 मीटरच्या आसपास, तर व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं उत्तराखंडच्या चमोलीतलं खोरं 3,200 मीटरच्या पुढे. तिथे थंडी वाजते, इथे घाम येतो. पुढे चला.

अडतं ते इथे: दोन्ही ठिकाणी झाडं नाहीत, नुसतं गवत आणि फुलं. दिसायला सारखं, म्हणून आतूनही सारखंच असणार, असं आपण धरून चालतो. पण झाडं का नाहीत, हे कुणी विचारतच नाही.

हिमालयात झाड हरतं ते थंडीपुढे. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होत जाते. वाढीच्या दिवसांतलं सरासरी तापमान सहा अंशांच्या आसपास आलं की झाडाला खोड वाढवणं परवडत नाही. उंच झाडाचा शेंडा गार वाऱ्यात असतो. वीतभर रोपट्याचं तसं नसतं, ते जमिनीला चिकटून असतं आणि उन्हाने तापलेल्या थरात जगून जातं. गढवालात, म्हणजे चमोलीच्या त्या भागात, झाडं संपण्याची ही रेषा साधारण 3,500 मीटरवर येते. तिच्या जवळ पोचलात की भूर्जाची झाडं बुटकी, वाकडी होत जाताना दिसतात, मग संपतात. त्याच्यावर जे गवताळ रान, ते बुग्याल. काश्मिरात त्यालाच मर्ग म्हणतात. खरं अल्पाइन कुरण ते हे. आपल्या कळसूबाईच्या 1,646 मीटरवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी ती रेषा गाठत नाही. म्हणजे महाराष्ट्रात अल्पाइन काहीही नाही, सप्टेंबरच्या फोटोतसुद्धा नाही.

अंजनेरीवर झाड हरतं ते मातीपुढे. पुरावा चढतानाच पायाखाली असतो. घळीत गच्च सावली, उतारावर कारवी, आणि शेवटची पायरी संपली की एकदम उघडं. शंभर पावलांत हवा काही सहा अंशांनी उतरत नाही. बदलतं ते इतकंच की वर सपाट काळा बेसॉल्ट खडक आहे आणि त्यावर कुठे बोटभर, कुठे तेवढीही माती नाही. जिथे भेगेत माती साठली, तिथे झाड उभं आहेच, बघा एकदा. पावसात हा कातळ दलदल होतो आणि मेमध्ये तवा. सीतेची आसवं नावाची फुलं ओल्या कातळावर निळी-जांभळी पसरतात ती उगाच नाही. मातीत नत्र नाही म्हणून ती बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव पकडून खातात. साताऱ्याच्या कासचंही गणित हेच, फक्त तिथे माथ्यावर जांभा आहे आणि त्याला सडा म्हणतात.

आता मेच्या त्या फोनकडे येऊ. बुग्यालाचं घड्याळ बर्फ चालवतो. बर्फ वितळला की मुळं-कंद जागे होतात आणि पुन्हा बर्फ पडायच्या आत फुलून बी धरायचं असतं. तिथला 'उन्हाळा' म्हणजे आपला आषाढ-श्रावण. त्याच वेळी तिथे पाऊसही असतो, म्हणून वाटतं की फुलं पावसाने येतात. मग आल्प्समध्ये मान्सून कुठे आहे? तिथली कुरणंही जून-जुलैतच फुलतात. आपल्याकडे मात्र घड्याळ पावसाचंच. तेरडा, सोनकी, आसवं ही बहुतेक एका पावसाची गिऱ्हाईकं. बी रुजतं, फुलतं, कातळ वाळला की संपतं.

मीही एकदा फसलोय, शाळांच्या सुट्टीच्या हिशेबाने. व्हॅली ऑफ फ्लॉवर्सचं उद्यान 1 जूनला उघडतं हे वाचलं आणि पहिल्याच आठवड्यात घांगरियात, खोऱ्याखालच्या मुक्कामाच्या गावात, हजर. दार उघडतं ते माणसांसाठी, फुलांना कुणी कळवत नाही. पुष्पावती नदीच्या काठाने वाटेवर बर्फाचे मळकट पट्टे, कडेला प्रिम्युलाचे दोन-चार जांभळे गेंद, बाकी मागच्या वर्षीचं चापट झालेलं तपकिरी गवत. निळी पॉपी बघायची तर जुलैची अखेर ते ऑगस्टचा मध्य. बद्रीनाथच्या रस्त्यावर दरडी कोसळतात, म्हणून दोन दिवस जास्तीचे धरा. ब्रह्मकमळ हवं असेल तर घांगरियाहून वर, हेमकुंड या शीख तीर्थाच्या चढावर. आणि कृपा करून आपल्या गॅलरीत रात्री फुलणाऱ्या निवडुंगाला ते नाव देऊन 'घरी आहे की' म्हणू नका.

एकट्याने जाण्याबद्दलही उलटाच समज आहे. हिमालय म्हणजे धोका, अंजनेरी म्हणजे घरचं अंगण. खोऱ्यात वाट एकच, नाक्यावर नोंद होते, मुक्काम करू देत नाहीत, घांगरियात यात्रेकरूंची गर्दी. उंचीचा त्रास सोडला तर एकट्याला तिथे हरवायलाही मेहनत पडेल. मला भीती वाटते ती ऑगस्टातल्या अंजनेरीची. एका बुधवारी मी तिथे एकटाच कंदीलपुष्प शोधत होतो. सेरोपेजिया अंजनेरिका नावाची त्याची जात 2006 मध्ये इथूनच जगापुढे आली. नजर गवतात आणि तेवढ्यात धुकं उतरलं. तळं दिसेना, मंदिर दिसेना, पठारावर वाट अशी नसतेच, सगळीकडे तेच गवत. अंदाजाने चालायला लागलो, तर मागून गुराख्याच्या पोराने हाक मारली, "ओ काका, तिकडं कुठं? कडा हाय तिकडं."