कोबीच्या वासाचं काय करायचं? जर्मन लोक त्यावर खिमा घालतात

शिश्तकोल नावाचा एक जर्मन पदार्थ आहे. शिश्त म्हणजे थर, कोल म्हणजे कोबी, बास, नावातच रेसिपी आली. खाली कोबी, त्यावर खिमा, परत कोबी, परत खिमा, सगळ्यात वर कोबी आणि मग ओव्हनमध्ये १८० डिग्रीला साधारण तासभर. मध्य जर्मनीतल्या थुरिंगियाकडे थंडीत हे घरोघरी होतं, एक किलो कोबी आणि अर्धा किलो खिमा घेतला तर चार जण पोटभर जेवतात.

आता कोबी शिजवला की वास येतो हे आपल्याला माहितीच आहे. पण गंमत म्हणजे अख्ख्या कोबीला जवळपास वासच नसतो, तो आपण सुरी लावल्यावर तयार होतो! कोबी आणि मोहरी एकाच कुळातल्या. दोघींच्या पेशींमध्ये ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकवाली रसायनं असतात आणि त्यांना तोडणारं मायरोसिनेज हे एन्झाइम वेगळ्या जागी ठेवलेलं असतं, चिरलं की दोघांची गाठ पडते आणि तिखट, नाकात जाणारी द्रव्यं बनतात. मोहरी फेसताना जे डोळ्यांत पाणी येतं ना, तेच प्रकरण, फक्त कोबीत सौम्य. किड्यांनी पानं खाऊ नयेत म्हणून झाडाने केलेली सोय आहे ही.

उष्णता लागली की हे एन्झाइम निकामी होतं, म्हणून पटकन परतलेला कोबी गोडसर लागतो. पण पाण्यात घालून उकळत बसलं की दुसरीच भानगड सुरू होते, उरलेली गंधकाची संयुगं तुटून हायड्रोजन सल्फाइड निघायला लागतो, म्हणजे सडक्या अंड्याचा वास, आणि पाचव्या ते सातव्या मिनिटाच्या मधे त्याचं प्रमाण दुप्पट होतं असं मोजलेलं आहे. दोन मिनिटांत! हॉस्टेलच्या मेसमधली कोबीची भाजी आठवा.

मग तासभर भाजून शिश्तकोल चांगला कसा लागतो? खोटं कशाला बोलू, वास त्यालाही येतो, पहिल्यांदा केला तेव्हा मला जिन्यातच कळलं होतं की ओव्हन चालूय. पण कोबी थरात घालायच्या आधी तो बेकनच्या चरबीत कडा तपकिरी होईपर्यंत परततात आणि सगळी मेख तिथे आहे. कोबीत ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं आणि पाणी आहे तोवर तापमान १०० डिग्रीच्या वर जात नाही, तर मायार रिअ‍ॅक्शन, म्हणजे भाजताना पदार्थ तपकिरी आणि खमंग करणारी क्रिया (लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेली) जोरात व्हायला साधारण १४० डिग्री लागतात. त्यामुळे कढईत थोडाथोडा कोबी टाकायचा, एकदम सगळा टाकला तर तो परतला जाणार नाही, स्वतःच्याच पाण्यात उकडेल. पाणी उडालं की साखर आणि अमिनो आम्लं मिळून भाजका, खमंग वास तयार करतात आणि गंधक मागे पडतो. याच कारणाने ओव्हनमध्येसुद्धा शेवटची २० मिनिटं झाकण काढतात.

खिम्याचं पण तसंच, त्यात मीठ घालून हाताला चिकटेपर्यंत मळतात कारण मिठाने मायोसिन हे प्रोटीन सुटं होतं आणि शिजताना तेच गोंदासारखं धरून ठेवतं. शिळा पाव दुधात भिजवून घालतात तो काही फक्त पुरवठ्याला नाही, प्रोटीन आवळलं की मांसातला रस बाहेर पडतो तो पावातला स्टार्च पिऊन घेतो, नाहीतर खिम्याचे कोरडे खडे होतात. आत ७० डिग्री दोन मिनिटं तरी व्हायला हवेत, खिम्यातले जंतू मरायला. (हेच लोक डुकराचा कच्चा खिमा कांदा घालून पावावर खातात, त्याला मेट म्हणतात, ते मला अजून जमलेलं नाही.)

व्हिनेगर घालायचं असेल तर शेवटी. आंबटपणात पेशींना जोडणारं पेक्टिन लवकर सुटत नाही आणि कोबी तासभरानंतरही कचकच वाजतो.

राहिला क्यूमेल (इंग्रजीत कॅरवे), हा यात पडणारा मसाला, दिसायला आपल्या जिऱ्यासारखाच पण वासाला एकदम वेगळा. कोबीतली काही साखर आपल्याला पचत नाही, ती मोठ्या आतड्यात आंबते आणि गॅस होतो, म्हणून आपण ओवा चावतो तसे ते क्यूमेल घालतात. त्याचा वास कार्वोनचा. आणि पुदिन्याचा वासही कार्वोनचाच! रेणू तोच, अणू तेवढेच, फक्त डावा हात आणि उजवा हात असतो तशी एकमेकांची आरशातली प्रतिमा, आणि आपल्या नाकाला तेवढ्याने एक चटणी वाटतो आणि एक जर्मन कोबी.