५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट आणि इनपुटमधला तो वरचा डायोड

टीटीएल या जुन्या लॉजिक चिपांच्या काळात सगळंच ५ व्होल्टवर, त्यामुळे कुणाला काय जोडायचं हा प्रश्न फारसा नव्हताच. १९६८ ला ४००० सिरीजची सीमॉस लॉजिक चिप आली, तिच्या गेटखालचा (इनपुटच्या टोकाखालचा) इन्सुलेशनचा ऑक्साईड थर इतका पातळ की हाताच्या स्टॅटिकनेही फुटायचा, म्हणून इनपुटला आतच डायोड (एकाच दिशेनं करंट जाऊ देणारा भाग) द्यायला लागले, एक सप्लायकडे नि एक ग्राउंडकडे. पुढचा सगळा घोळ त्या वरच्या, म्हणजे सप्लायकडच्या, डायोडचा.

१९९० च्या दशकात ३.३ व्होल्ट आलं पण ५ वालं काही गेलं नाही. ३.३ च्या पिनवर ५ चा सिग्नल दिला की वरचा डायोड चालू होतो आणि करंट सप्लायमध्ये घुसतो. तेव्हापासून एक सल्ला फिरतोय, मधे १० के (१० हजार ओहम) चा रेझिस्टर टाका, झालं काम. हिशोब बघा, ५ मधून ३.३ गेले, डायोडचे ०.६ गेले, उरले १.१ व्होल्ट, म्हणजे ०.११ मिलीअँप. ७४एचसी या सीमॉस चिपांच्या डायोडची मर्यादा २० मिलीअँप, मग अडचण काय?

अडचण आहे. ती मर्यादा ॲब्सोल्यूट मॅक्सिमम, म्हणजे ओलांडली की चिप खराब होऊ शकते अशी हद्द आहे, रोज वापरायची नाही. त्यात ३.३ व्होल्ट बनवणारा साधा रेग्युलेटर करंट देतो फक्त, परत घेत नाही, त्यामुळे १० के ऐवजी १ के लावलेल्या आठ-दहा पिना एकदम हाय (लॉजिक १, इथे ५ व्होल्ट) झाल्या आणि बोर्ड स्लीपमध्ये असला तर ३.३ ची लाईनच वर चढते. आणि आपल्या सांगली-तासगावकडे शेतीपंपाची लाईट पाळीनं, मोटर चालू-बंद करणाऱ्या स्टार्टर बोर्डाची ३.३ ची बाजू बंद आणि ५ ची बॅटरीवर चालू असं सर्रास होतं, मग डायोडमधून बंद चिप अर्धवट जिवंत राहते, लाईट आल्यावर नीट रीसेटच होत नाही, मोटर चालू होईना म्हणून शेतकरी रात्री विहिरीवर. करंट जास्त गेला तर लॅचअप (चिपच्या आतच सप्लाय-ग्राउंड शॉर्ट) होऊन चिप जळतेसुद्धा. टेबलावर ट्रायल घ्यायला नुसता रेझिस्टर चालेल, पण विकायच्या मालात टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सीडी४०५० या बफरला (सिग्नल तसाच पुढे देणारी चिप) हा वरचा डायोड मुळातच नाही, म्हणून जुने लोक तोच वापरायचे. नंतर एलव्हीसी ही चिपांची सिरीज आली, ३.३ वर चालून इनपुटला ५.५ पर्यंत घेते. आयटूसी (चिपांमधली दोन तारांची जोडणी) साठी दर तारेला एका मॉसफेट ट्रान्झिस्टरची दुतर्फा युक्ती.

आता जीएसएम (मोबाईल नेटवर्कच्या) मॉड्यूलमुळे उलटी बाजूही, म्हणजे कमी व्होल्टकडून ५ कडे, बघावी लागते. एसआयएम८०० या मॉड्यूलचा हाय २.८ व्होल्ट, ५ वर चालणाऱ्या एटीमेगा३२८ मायक्रोकंट्रोलरला खात्रीचा हाय ३ च्या पुढे लागतो, तरी लोक थेट जोडतात आणि बहुतेक वेळा चालतंही. तिथे मधे ५ वर चालणारी एचसीटी सिरीजची चिप टाकावी, ती २ व्होल्टलाच हाय धरते.