अठरा अक्षौहिणींचा हिशेब

२०११ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,७६,००१ भरली. महाभारताच्या मोजणीने कुरुक्षेत्रावर जमलेल्या अठरा अक्षौहिणी सैन्याची बेरीज ३९,३६,६०० होते. प्रवचनात एका दमात म्हटले जाणारे 'अठरा अक्षौहिणी' म्हणजे किती, हे या दोन आकड्यांवरून नीट कळते. शाहूवाडीपासून चंदगडपर्यंत, गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत, बाराही तालुक्यांतले प्रत्येक माणूस तान्ह्या बाळासकट मैदानात उभे केले तरी संख्या साठ हजारांनी कमीच पडते. शिवाय महाभारताच्या बेरजेत हत्ती आणि रथ एकेक नग म्हणून धरले आहेत. प्रत्येक रथावर रथी आणि सारथी, प्रत्येक हत्तीवर माहूत आणि एक योद्धा एवढेच धरले, तरी माणसांची संख्या ४७ लाखांच्या पुढे जाते. स्वयंपाकी, लोहार, वैद्य, गाडीवान वेगळेच.

हा आकडा कुठून येतो, ते आदिपर्वातच सांगितले आहे. नैमिषारण्यातले ऋषी कथा सांगणाऱ्या सौतीला विचारतात, अक्षौहिणी म्हणजे नेमके किती? तो सर्वांत लहान तुकडीपासून सुरुवात करतो. एक रथ, एक हत्ती, तीन घोडेस्वार आणि पाच पायदळ मिळून एक पत्ती. तीन पत्तींचे एक सेनामुख, तीन सेनामुखांचा एक गुल्म. पुढे गण, वाहिनी, पृतना, चमू आणि अनीकिनी, दर पायरीला तिप्पट. शेवटी दहा अनीकिनींची एक अक्षौहिणी. तिनाने सात वेळा गुणले की २,१८७ येतात आणि दहाने गुणले की २१,८७०. म्हणून एका अक्षौहिणीत २१,८७० रथ, तितकेच हत्ती, ६५,६१० घोडेस्वार आणि १,०९,३५० पायदळ.

या आकड्यांबद्दल एक गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते. यातल्या कुठल्याही संख्येचे अंक मिळवा, बेरीज १८ येते. पर्वे १८, दिवस १८, गीतेचे अध्याय १८. यामागचे गणित शाळेतलेच आहे. ज्या संख्येला ९ ने भाग जातो, तिच्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत असते. अक्षौहिणी तिनाच्या सातव्या घातातून बनते, त्यामुळे तिच्या प्रत्येक भागाला ९ ने भाग जातोच. बेरीज ९, १८, २७ अशीच काहीतरी येणार. अठराही अक्षौहिणींची बेरीज ३९,३६,६०० घ्या, तिचे अंक मिळून २७ होतात. मला यात चमत्कारापेक्षा रचनेचे सौंदर्य जास्त दिसते. हे कोष्टक पाठ करायला सोपे आहे. तीनदा, तीनदा करत गेले की कुणीही कथेकरी कागदाशिवाय अक्षौहिणीपर्यंत पोहोचतो.

खऱ्या सैन्याचे प्रमाण मात्र असे पाढ्यासारखे नसते. इ. स. पूर्व ३२६ मध्ये झेलमच्या काठी पोरस अलेक्झांडरपुढे उभा राहिला. एरियन या ग्रीक इतिहासकाराने त्याच्या सैन्याचे दिलेले आकडे असे: पायदळ ३०,०००, घोडेस्वार ४,०००, रथ ३००, हत्ती २००. म्हणजे दीडशे पायदळामागे एक हत्ती. अक्षौहिणीत पाच पायदळामागे एक आहे.

हत्तीपाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळा हिशेब तिथेच अडतो. अठरा अक्षौहिणींना ३,९३,६६० हत्ती लागतात. २०१७ च्या गणनेत साऱ्या भारतात २९,९६४ रानहत्ती होते. म्हणजे तेव्हाच्या देशभरातल्या हत्तींच्या तेरा पट हत्ती एका मैदानात आणायचे. हत्तीण सुमारे बावीस महिने गाभण राहते, एका वेळी साधारण एकच पिल्लू देते आणि ते कामाला यायला वीस वर्षे लागतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही वीस वर्षांचा हत्ती पकडावा आणि चाळीस वर्षांचा सर्वोत्तम मानावा असे सांगितले आहे. गुराढोरांसारखी हत्तींची पैदास करता येत नाही. ते रानातूनच आणावे लागत, म्हणून तर मौर्यांच्या राज्यव्यवस्थेत हत्तींची राने राखून ठेवण्याला इतके महत्त्व होते.

आणि हत्ती खातो किती, हे आजरा-चंदगडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. कर्नाटकातल्या जंगलातून उतरलेला एखादा हत्ती रात्रीतून उसाच्या फडाचे काय करतो, ते त्याने पाहिलेले असते. मोठ्या हत्तीला दिवसाला साधारण १५० किलो चारा लागतो. ३,९३,६६० हत्तींना रोज ५९,००० टन. रथाला चार घोडे धरले, तर स्वारांचे मिळून घोडे होतात २७,५५,६२०. घोड्याला दिवसाला १० किलो म्हटले तरी आणखी साडेसत्तावीस हजार टन. एका दिवसाचा नुसता चारा साडेशहाऐंशी हजार टनांच्या पुढे जातो.

तो आणायचा बैलगाडीने. जुन्या लाकडी चाकांच्या गाडीत टनभर माल धरू. बैलांसकट एका गाडीला ८ मीटर जागा दिली, तर एका दिवसाच्या चाऱ्याची रांग होते सुमारे ६९० किलोमीटर. कोल्हापूरहून मुंबईला जाऊन जवळजवळ परत यावे, इतकी लांब. दुसऱ्या दिवशी तेवढीच दुसरी रांग हवी.

यातली खरी मेख बैलांच्या पोटात आहे. बैलजोडी दिवसाला २० किलो खाते आणि २० किलोमीटर चालते असे समजा. चारा १०० किलोमीटरवरून आणायचा असेल, तर जाण्या-येण्याच्या दहा दिवसांत जोडीच २०० किलो फस्त करते. गाडीतला पाचवा हिस्सा वाटेतच संपला. ५०० किलोमीटरवरून आणायचा असेल, तर पन्नास दिवसांत बरोबर एक टन. म्हणजे गाडी मुक्कामाला पोहोचते, बैल परत येतात, आणि सैन्याला काडीही मिळत नाही. नदीतून नावा किंवा वाटेवर कुरणे नसतील, तर प्राचीन काळच्या कुठल्याही फौजेला ही मर्यादा ओलांडता येत नव्हती. सैन्य किती मोठे असू शकते, हे शेवटी आसपासच्या शेतांवरून ठरत असे.

पाण्याचा हिशेब मात्र मला वाटला होता त्याहून सोपा निघतो. हत्तीला १५० लिटर, घोड्याला ३० आणि माणसाला पिण्या-रांधण्यापुरते १० लिटर धरले, तर रोज १९ कोटी लिटर लागतात. अठरा दिवसांचे मिळून राधानगरी धरणाच्या साठ्याच्या दीड टक्काही होत नाही. बारमाही नदी जवळ असेल तर एवढे पाणी मिळते. चाऱ्याला मात्र असा आधार नाही.

रसद तुटली की काय होते, याची चव कोल्हापूरकरांनी ऑगस्ट २०१९ मध्ये घेतली आहे. पंचगंगेच्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि ट्रक, टँकर, गोदामे सगळे असलेल्या काळात जिल्ह्यात पेट्रोल, भाजीपाला मिळेना. पण या प्रश्नाची सर्वांत कठोर परीक्षा मराठ्यांनी दिली, आणि तीही कुरुक्षेत्राच्याच मुलखात. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा जिंकल्यावर सदाशिवरावभाऊंचे सैन्य कुरुक्षेत्राच्या यात्रेला निघाले होते. तेवढ्यात अब्दालीने बागपतला यमुना ओलांडली आणि सैन्याला मागे वळून पानिपतावर तळ द्यावा लागला. पानिपत ते कुरुक्षेत्र अंतर सुमारे ७० किलोमीटर. लढवय्ये, यात्रेकरू आणि बुणगे धरून तळावर लाखाच्या वर माणसे होती. रसदीचे मार्ग तुटले, डिसेंबरात रसद पाठवणारे सरदार गोविंदपंत बुंदेले मारले गेले, आणि अडीच महिन्यांत माणसे-जनावरे उपासमारीला आली. १४ जानेवारी १७६१ ला सैन्य लढायला बाहेर पडले, त्यामागे उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू हाच विचार होता. ज्या भूमीला अठराव्या शतकात लाखभर माणसांचा तळ पोसवला नाही, तिने त्याआधी अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी पन्नास लाख माणसे आणि चार लाख हत्ती पोसले असतील, हे मानणे शक्य नाही.

मृत्यूंचा वेग पाहिला तरी तेच. अठरा दिवसांत अठरा अक्षौहिणी म्हणजे रोज एक अक्षौहिणी, २,१८,७००. सूर्योदय ते सूर्यास्त बारा तास लढाई धरली तर दर सेकंदाला पाच. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी, १ जुलै १९१६ ला, मशीनगन आणि तोफांच्या माऱ्यात ब्रिटिशांचे १९,२४० सैनिक मेले. तो त्यांच्या लष्करी इतिहासातला सर्वांत भीषण दिवस मानला जातो.

पण महाभारत एवढ्यावर थांबत नाही. स्त्रीपर्वात धृतराष्ट्र युधिष्ठिराला विचारतो, किती मेले? युधिष्ठिर सांगतो तो आकडा आहे १,६६,००,२०,०००, म्हणजे १६६ कोटी २० हजार. शिवाय २४,१६५ बेपत्ता. इ. स. १९०० च्या सुमारास साऱ्या जगाची लोकसंख्या एवढी होती. हा आकडा अठरा अक्षौहिणींच्या चारशे पटींहून अधिक आहे, म्हणजे एकाच ग्रंथातले दोन हिशेब एकमेकांशी जुळत नाहीत. धृतराष्ट्रालाही प्रश्न पडतो. तुला हे कसे कळले, असे तो विचारतो. युधिष्ठिराचे उत्तर असे, की लोमश ऋषींच्या कृपेने मला दिव्य दृष्टी मिळाली आहे. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो. रणांगणावर कुणी प्रेते मोजत हिंडले, असा दावा ग्रंथकार करतच नाही. बेपत्तांचा आकडा शेवटच्या पाचापर्यंत नेमका आणि मृतांचा अब्जांत, असे दोन्ही एका दमात सांगणारा माणूस सर्वस्व गमावून बसलेल्या म्हाताऱ्या चुलत्यापुढे उभा आहे.

रामायणाचे युद्धकांड तर महाभारतालाही मागे टाकते. रावणाचा हेर शुक वानरसेनेचे वर्णन करताना संख्यांची शिडीच लावतो. शंभर लाखांचा एक कोटी, लाख कोटींचा एक शंकू, आणि पुढे महाशंकू, वृंद, महावृंद, पद्म, महापद्म, खर्व, महाखर्व, समुद्र, ओघ, महौघ, दर पायरीला लाख पट. महौघ म्हणजे १ वर ६२ शून्ये. आपली आख्खी पृथ्वी, तिचे खडक, समुद्र, हवा, सगळे मिळून जितके अणू आहेत, ती संख्या १ वर ५० शून्यांच्या आसपास येते. एका महौघात पृथ्वीतल्या अणूंच्या एक लाख कोटी पट वानर झाले.

मग जमीन काय सांगते? १९५० ते १९५२ या काळात पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांनी मेरठजवळच्या हस्तिनापुराचे उत्खनन केले. महाभारताशी जोडला जातो तो थर चित्रित करड्या भांड्यांचा, साधारण तीन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात मातीच्या आणि कुडाच्या भिंतींची घरे, घोड्यांची हाडे, तांदूळ आणि गंगेच्या मोठ्या पुराच्या खुणा मिळाल्या. लाखोंच्या नगराची खूण मिळाली नाही. पुरातत्त्वज्ञ वस्तीचे क्षेत्रफळ मोजतात, हेक्टरला शंभर-दोनशे माणसे धरतात आणि लोकसंख्येचा अंदाज बांधतात. त्या काळच्या बहुतेक वस्त्या एक-दोन हेक्टरांच्या, म्हणजे काही शेकड्यांच्या होत्या. साऱ्या जगाचीच लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास असावी, असे अंदाज आहेत. आणि चार लाख हत्ती एका जागी पडले असते तर त्यांच्या दाढा कुठे तरी सापडल्या असत्या, कारण हत्तीची दाढ सहजी कुजत नाही. तसा थर कुरुक्षेत्रात आजवर मिळालेला नाही.

जमीन खोटे बोलत नाही, आणि ती पुष्कळ सांगतेही. याची खात्री करायला कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केले आणि सातवाहनकाळचे एक संपन्न गाव वर आले. त्याच टेकाडात मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची काशाची मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. कुठल्याही पुराणात न सांगितलेला रोमशी असलेला व्यापार एवढ्याशा मूर्तीने सिद्ध केला. चार लाख हत्तींचे रणांगण मागे काहीच न ठेवता नाहीसे होणे अवघड आहे.

एखादी लढाई खरोखर झाली असेल, कुरू-पांचालांच्या काही टोळ्यांत, काही हजार माणसांची, आणि तिची आठवण पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली असेल, ही शक्यता या पुराव्याने खोडली जात नाही. आकडे गाण्यात वाढले. आणि ते वाढवणाऱ्यांना मोठ्या संख्यांचे खरेच वेड होते. शुक्ल यजुर्वेदात एकपासून परार्धापर्यंत, म्हणजे १ वर १२ शून्यांपर्यंत, दर पायरीला दहापट अशी नावे दिली आहेत. तिथे समुद्र म्हणजे शंभर कोटी. रामायणात तोच समुद्र १ वर ५२ शून्ये. जगात कुठे एवढ्या मोठ्या संख्यांना नावे द्यायची गरज नव्हती, तेव्हा इथे ती गाण्यात खेळवली जात होती. दशमान पद्धत ज्या मातीत रुजली, ती ही माती.

त्या परंपरेतला माझा सर्वांत आवडता कर्णवध भास्कराचार्यांच्या लीलावतीत आहे, इ. स. ११५० च्या सुमाराचा. अर्जुनाने काही बाण घेतले. निम्म्यांनी कर्णाचे बाण अडवले. एकूण बाणांच्या वर्गमुळाच्या चौपट बाणांनी घोडे मारले. सहा शल्यासाठी, तीन छत्र, ध्वज आणि धनुष्यासाठी, एक कर्णाच्या मस्तकासाठी. तर अर्जुनाने बाण किती घेतले? निम्मे म्हणजे ५०, वर्गमूळ १० ची चौपट ४०, आणि सहा, तीन, एक मिळून १०. एकूण बाण १००.