गॅलापागोस: बोटीवर राहून की गावात राहून?

साताऱ्या-सांगलीतून गॅलापागोसला निघायचं ठरवलं की एजंटकडून बहुधा दोन कोटेशन हाती येतात. दोन्हींवर ‘८ दिवस’, दोन्हींवर निळ्या पायांच्या बूबी पक्ष्याचा फोटो, आणि एकाची रक्कम दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. सहल एकच आहे असं समजून लोक स्वस्त कोटेशन उचलतात. खरं तर या दोन वेगळ्या सहली आहेत. एकीत तुम्ही सगळे दिवस बोटीवरच राहता. दुसरीत गावातल्या हॉटेलात उतरता आणि रोज दिवसाच्या बोटीने जाऊन येता.

हा द्वीपसमूह इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १००० किलोमीटर पश्चिमेला आहे. तिथली ९७ टक्के जमीन राष्ट्रीय उद्यानात येते. गावं आहेत ती सांताक्रूझ, सान क्रिस्तोबाल, इसाबेला आणि फ्लोरियाना या चारच बेटांवर. त्यामुळे गावात राहणाऱ्याला संध्याकाळपर्यंत परत येता येईल एवढ्याच अंतरातलं पाहता येतं. मुक्कामी बोट मात्र प्रवासी झोपले असताना चालते आणि सकाळी नव्या बेटापाशी उभी असते. उत्तरेच्या हेनोवेसावरचे पक्ष्यांचे प्रचंड थवे किंवा पश्चिमेच्या फर्नांडिनावरचे उडता न येणारे पाणकावळे पाहायचे असतील, तर मुक्कामी बोटच लागते असं धरून चाला.

पण म्हणून गावात राहणाऱ्याला काही दिसत नाही, असं अजिबात नाही. सान क्रिस्तोबालच्या बंदरावर समुद्रसिंह बाकड्यांवर पसरलेले असतात. सांताक्रूझवरच्या पुएर्तो आयोरा गावाच्या मासळीबाजारात पेलिकन आणि समुद्रसिंह कोळ्यांच्या पायाशी घुटमळतात. तॉर्तुगा बेच्या किनाऱ्यावर समुद्री इग्वाना ऊन खात पडलेले असतात. हे पाहायला दिवसाच्या बोटीचा खर्च नाही. सातारा जिल्ह्यातल्या मायणीला फ्लेमिंगोंसाठी दुर्बीण लावून तासन् तास बसणाऱ्या माणसाला हे किती मोठं वाटेल, ते वेगळं सांगायला नको. सांताक्रूझच्या डोंगराळ भागात महाकाय कासवंही गावाजवळच भेटतात. एस्पान्योला बेटावरचे अल्बाट्रॉस हे मोठे समुद्रपक्षीसुद्धा सान क्रिस्तोबालहून एका लांबलचक दिवसात पाहून येता येतात.

आता पैसे. आठ दिवसांची मुक्कामी बोट माणशी साधारण ३००० डॉलरपासून सुरू होते आणि वर कुठेही जाते. त्यात जेवण, गाइड आणि बेटांवरच्या फेऱ्या धरलेल्या असतात. गावात साधी खोली ५० ते १०० डॉलरला मिळते, आणि हाच आकडा फसवतो. नॉर्थ सेमूर किंवा बार्तोलोमेसारख्या बेटाची एका दिवसाची सहल माणशी १५० ते २५० डॉलर घेते. एका बेटावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या स्पीडबोटीचे एका बाजूचे ३०-३५ डॉलर वेगळे. अशा पाच सहली केल्या की माणशी हजार डॉलर तिथेच गेले. म्हणून स्वस्त कोटेशनमध्ये मी आधी खोलीचा दर्जा बघत नाही. दिवसाच्या बोटी किती आणि कुठल्या बेटांच्या, ते नावानिशी लिहिलंय का, ते बघते. ‘बेटदर्शन’ एवढंच लिहिलं असेल तर बहुतेक दिवस गावातल्या फुकटच्या किनाऱ्यांवरच जाणार.

बोटीच्या कोटेशनमध्येही एक गोष्ट तपासायची असते. २०१२ पासूनच्या नियमानुसार एक बोट त्याच ठिकाणी १४ दिवसांच्या आत पुन्हा जाऊ शकत नाही. त्यामुळे एकाच बोटीचे दोन निरनिराळे मार्ग असतात. एका आठवड्यात हेनोवेसा मिळेल, पुढच्या आठवड्यात कदाचित फर्नांडिना. बोटीचं नाव आणि तारीख पुरेशी नाही, मार्ग लेखी घ्या. शिवाय पहिला आणि शेवटचा दिवस विमानतळात जातो, म्हणजे आठातले पूर्ण दिवस सहाच. गावातल्या सहलीत हॉटेल बदलताना दोन तासांची स्पीडबोट आणि सामानाची तपासणी यात अर्धा दिवस सरतो.

‘बोट लागते’ म्हणून गावात राहायचं ठरवणाऱ्यांनी थोडं थांबावं. या स्पीडबोटी लाटांवर जोरात आदळतात. पोटाला त्या मुक्कामी बोटीपेक्षा जास्त जड जातात. गोळी दोन्हीकडे लागेल.

काही खर्च दोन्हींत सारखेच येतात, पण कोटेशनमध्ये बहुधा नसतात. परदेशी प्रौढाला उद्यानाचं शुल्क २०० डॉलर (ऑगस्ट २०२४ पासून दुप्पट झालंय), प्रवेश नियंत्रण कार्डाचे २० डॉलर, आणि इक्वेडोरच्या कीतो किंवा ग्वायाकिल शहरातून बेटांपर्यंतचं विमान. भारतातून इक्वेडोरला थेट विमान नाही. अमेरिकेतून गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, म्हणून ॲम्स्टरडॅमचा मार्ग आधी पाहा. इक्वेडोरच्या व्हिसाची चौकशी मात्र तिकिटाआधी दूतावासाकडेच करा. पिवळ्या तापाची लसही विसरू नका. इक्वेडोरहून परत येताना लसीचा दाखला नसेल तर भारतात विलगीकरणात ठेवतात, आणि दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी ग्राह्य होतो. सामानात ताजी फळं आणि बिया नेता येत नाहीत. बाकी खाऊ तपासणीत दाखवावाच लागतो, भडंगाची पिशवीसुद्धा.

माझं मत विचाराल तर, आयुष्यात एकदाच जाणार असाल आणि जीव पक्ष्यांत असेल, तर आठ दिवसांच्या बोटीऐवजी पाच दिवसांची बोट घ्या आणि उरलेले तीन-चार दिवस सान क्रिस्तोबालला राहा. लहान मुलं किंवा वयस्कर आईवडील बरोबर असतील तर सगळेच दिवस गावात काढा, पण दिवसाच्या दोन चांगल्या सहलींवर काटकसर करू नका. मे महिन्याची सुट्टी यासाठी उत्तम. समुद्र त्या मानाने शांत असतो, पाणी उबदार असतं आणि एस्पान्योलावर अल्बाट्रॉस आलेले असतात. दिवाळीच्या सुट्टीत अल्बाट्रॉस असतात, पण पाणी गार आणि समुद्र जास्त खवळलेला असतो. तेव्हा जायचं असेल तर मोठी, स्थिर बोट निवडा आणि बेटांमधल्या स्पीडबोटीच्या फेऱ्या जमतील तेवढ्या कमी ठेवा.