बोअरचं पाणी, एप्रिलचं ऊन आणि लाल झिंगे

दुकानात ‘चेरी श्रिम्प’ म्हणून मिळणारा लाल झिंगा मूळचा पूर्व चीन आणि तैवानचा. शास्त्रीय नाव निओकॅरिडिना डेव्हिडी. पूर्ण वाढला तरी अडीच-तीन सेंटिमीटर. तीस लिटरच्या काचेच्या टाकीत, पाणवनस्पतींच्या आधाराने तो पिढ्यान्‌पिढ्या नांदतो. लातूर, परभणी, नांदेडातही नांदू शकतो. मात्र या छंदावरची बरीचशी माहिती थंड मुलखातली, हीटर कोणता घ्यावा इथून सुरू होणारी. आपल्या घरात टाकीचं बरंवाईट ठरतं ते पाण्याच्या वाफेवर. वाफच झिंग्यांना वाचवते आणि लक्ष दिलं नाही तर वाफच त्यांचा घात करते.

आधी वाचवण्याचं बघू. या झिंग्याला 20 ते 26 अंश सेल्सिअस पाणी मानवतं, तिशीच्या वर त्याचे हाल सुरू होतात. एक कारण प्राणवायू. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना तोच साडेसातवर येतो. आणि नेमकी तेव्हाच झिंग्याच्या शरीराची गरज वाढलेली असते. एप्रिल-मेमध्ये बाहेर 42 अंश असताना स्लॅबखालच्या खोलीतलं पाणी सहज 33-34 वर जातं.

यावर उपाय माठाचाच. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे 580 कॅलरी उष्णता निघून जाते. टाकीचं झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा तिरपा सोडला की वाफ वेगाने होते आणि पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. इथे आपली कोरडी हवा कामाला येते. 40 अंश तापमान आणि 20 टक्के आर्द्रता असेल तर बाष्पीभवनाने पाणी तत्त्वतः 22 अंशांपर्यंत थंड होऊ शकतं. मुंबईच्या दमट हवेत 33 अंशांना ही मर्यादा 28च्या आसपासच अडते. खोली सतत उष्णता परत देत असल्याने आपण त्या 22पर्यंत पोचत नाही, पण तिशीच्या आत राहणं जमतं. टाकी पश्चिमेच्या भिंतीला मात्र लावू नये, ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते.

आता घात. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागेच राहतात. पंखा चालू असताना रोज अर्धा लिटर पाणी उडालं आणि तेवढंच 900 टीडीएसचं (टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यात विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) बोअरचं पाणी ओतलं, तर रोज 450 मिलिग्रॅम क्षार टाकीत जातात. तीस लिटरला भागलं तर दिवसाला 15, महिन्याला 450. अडीचशेवर सुरू केलेली टाकी महिन्यात सातशेवर. पाणी काचेसारखं नितळ दिसत असतं, म्हणून संशयही येत नाही.

क्षार इतके का बाधतात ते झिंगा कात टाकताना पाहिलं की कळतं. आदल्या दिवशी तो खाणं सोडून मॉसच्या, म्हणजे शेवाळासारख्या पाणवनस्पतीच्या, आडोशाला जातो. मग शरीरात पाणी शोषून फुगतो, डोक्यामागची शिवण पाठीवर उकलते आणि एका झटक्यात तो कवचातून निसटतो. मिशा, पाय, डोळ्यांवरचा पापुद्रासुद्धा जशाच्या तशा आकारात, पारदर्शक, तळाला पडलेला असतो. ते कवच काढून टाकू नये, त्यातलं कॅल्शियम झिंगे कुरतडून परत घेतात. पाण्यातले क्षार अचानक किंवा फार वाढले तर हे फुगण्याचं गणित चुकतं. कवच अर्धवट उकलतं, मानेमागे पांढरी रेघ गोल फिरते आणि बहुतेकदा झिंगा त्यातच मरतो.

निव्वळ आरओचं, म्हणजे शुद्धीकरण यंत्राने क्षार काढलेलं, पाणीही चालत नाही, कारण नवं कवच बांधायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम हवंच. बेसाल्टच्या झिजेतून आलेलं हे दोन्ही आपल्या बोअरला भरपूर असतं, म्हणून मिश्रण करायचं. 900 टीडीएसचं एक भाग बोअर आणि 40 टीडीएसचं तीन भाग आरओ घेतलं की अडीचशेच्या आसपास जमतं. हे मिश्रण टाकी भरायला आणि पाणी बदलायला. उडालेल्या पाण्याची भर फक्त आरओ किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने. हा एक नियम पाळला तरी मराठवाड्यातली निम्मी टाकी सांभाळली. 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातुरात या छंदाला पाणी द्यावं का, हा प्रश्न मला रास्त वाटतो. हिशेब असा: आठवड्याला तीन लिटर बदलायचं, आणि काढलेलं पाणी नायट्रेटमुळे कुंड्यांना खत म्हणून उपयोगी पडतं.

मांडणी सोपी. तळाला धुतलेली बारीक वाळू, हवेवर चालणारा स्पंज फिल्टर, आणि वनस्पती. जावा मॉस सगळ्यात उपयोगी, हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया या तर पैठणच्या नाथसागरातही वाढतात. फक्त तिथून आणून थेट टाकीत घालू नयेत, सोबत परजीवी आणि किडे येतात. दिवा सहा-सात तास पुरे. लोडशेडिंगसाठी बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवावा.

यानंतर पाच-सहा आठवडे टाकी पाणी भरून, पण झिंग्यांशिवाय चालवायची. घाण कुजून तयार होणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजवर वसायला एवढा वेळ लागतो. हे काम दोन वेगळ्या गटांचे जिवाणू वाटून करतात, असा समज सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राड्स्कींच्या 1890च्या सुमाराच्या शोधापासून शंभरावर वर्षं टिकला. 2015 मध्ये दोन्ही टप्पे एकटाच करणारा नायट्रोस्पिरा हा जिवाणू सापडला. नेदरलँड्समधल्या संशोधकांना तो मिळाला चक्क मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्ये. आपल्या जड, अल्कधर्मी पाण्यात हे जिवाणू आधी वसू देण्याला जास्तच महत्त्व. 25 अंशांना पीएच 7 असेल तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8ला तो पाच टक्क्यांवर जातो.

विषाचंच निघालं म्हणून: झिंगा संधिपाद, म्हणजे किड्यांचाच नातलग. कपाशीवरचं कीटकनाशक आणि डासांच्या लिक्विडमधलं पायरेथ्रॉइड त्याच्या मज्जातंतूंवर तसाच घाला घालतं. शेतातली माती, फवारलेला पालक, मोरचूद (तांब्याचा क्षार) असलेली माशांची औषधं टाकीपासून लांब ठेवावीत. झिंग्याच्या रक्तात तांबं असतंच, पण पाण्यात विरघळलेलं तांबं थोडं जरी वाढलं तरी त्याला मारक ठरतं.

सुरुवात जूनमध्ये करावी. पहिला पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यावा आणि पुढचा साठवावा. जुलैअखेर दहा-बारा झिंगे आणून, सलाईनच्या नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब त्यांच्या पिशवीत सोडत दीड-दोन तासांनी सोडावेत. मादी वीस-तीस अंडी पोटाखाली धरून तीन-चार आठवडे पायांनी वारा घालत राहते, आणि पिल्लं थेट झिंग्याच्याच रूपात बाहेर पडतात. संख्या वाढली की ओळखीच्यांना द्यावेत, विहिरीत किंवा गोदावरीत मात्र एकही सोडू नये. परभणीच्या थंडीत पाणी अठराच्या खाली गेलं तर अंडी धरणं थांबतं, त्यासाठी हीटर लागत नाही. फेब्रुवारीत माद्या पुन्हा अंड्यावर येतात. पंखा मात्र होळीच्या आधीच बसवून ठेवावा.